उघड्यावरचें चित्र : अभ्यास कीं कलाकृति ?

चित्रकार घोडी, रंगपेटी व छत्री घेऊन नदीकांठीं किंवा माळावर बसला आहे आणि समोरच्या देखाव्याकडे पाहून चित्र रंगवीत आहे, हें दृश्य आज कोणासहि नवलाचें वाटत नाहीं. निसर्गचित्र काढावयाचें तर तें निसर्गांत जाऊनच काढावें, याहून सरळ गोष्ट ती कोणती, असें आपण समजतों. परंतु ज्या युरोपांत ही पद्धति वाढली तेथें ती सहजासहजीं मान्य झालेली नाहीं; तिच्यासाठीं जवळजवळ एक शतकभर वाद चालला होता. त्या वादाचें मर्म पुष्कळदां भलत्याच ठिकाणीं शोधलें जातें. सामान्य समजूत अशी कीं, मोने-रन्वार प्रभृति चित्रकारांपूर्वीं सर्व निसर्गचित्रें चित्रशाळेच्या चार भिंतींत निपजत, आणि पुढें रंगांच्या नळ्या निघाल्यामुळें चित्रकार एकदम बाहेर पडले. या समजुतींत सत्याचा अंश आहे. पण इतिहास असें सांगतो कीं, बाहेर बसून रंगविण्याची चाल फार जुनी आहे. बाहेर बसून जें रंगविलें तेंच पुरें चित्र होय, असें म्हणण्याचें धैर्य मात्र नवें होतें. तें धैर्य कसें आलें आणि त्याची किंमत कोणकोणास द्यावी लागली, तें या लेखांत पाहावयाचें आहे.

युरोपांतील कलापीठांच्या दृष्टीनें चित्रांची एक उतरंड ठरलेली होती. पुराणांतील व इतिहासांतील प्रसंगांचीं चित्रें सर्वांत श्रेष्ठ, त्यांच्या खालीं व्यक्तिचित्रें, आणि नुसता डोंगर, नुसती नदी, नुसतें आकाश यांचें चित्र जवळजवळ तळाशीं. निसर्गचित्रास मान हवा असेल तर त्यांत एखादी ग्रीक देवता, एखादा रोमन वीर, निदान एखादें भग्न देवालय तरी असावें लागे. हा केवळ हट्ट नव्हता. निसर्ग जसा दिसतो तसा तो अपुरा व विस्कळित असतो. त्यांतील उत्तम तेवढें वेंचून बुद्धीच्या बळानें त्याची रचना करणें हें कलावंताचें काम, अशी त्यामागें एक विचारसरणी होती. आपल्याकडील जुन्या चित्रकारांनीं वर्षाकाळ दाखवितांना काळा मेघ, बगळ्यांची रांग व विजेची सोनेरी रेघ ज्या निष्ठेनें काढली, ती निष्ठा या विचारसरणीस अगदींच परकी नाहीं. एकदां दिसलेल्यापेक्षां नित्य असणारें चित्रांत यावें, असा दोहोंचाहि आग्रह होता.

असें असूनहि चित्रकार बाहेर जात होते. सतराव्या शतकांत रोमच्या परिसरांत आपण व क्लोद लोरें रंगसाहित्य घेऊन उघड्यावर बसत असूं, असें योआखिम फोन सांड्रार्ट यानें १६७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तर रोम आणि नेपल्स हीं अशा चित्रकारांचीं माहेरघरेंच झालीं. वेल्समधील थॉमस जोन्स यानें १७८२ सालीं नेपल्स येथें आपल्या मुक्कामासमोरच्या घरांच्या भिंती रंगविल्या. त्यांतील एक चित्र हाताच्या पंजाएवढें असेल नसेल. त्यांत जुनाट भिंत, एक सज्जा व वाळत घातलेले कपडे यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. पण त्या भिंतीवरचें ऊन पाहणाऱ्यास अजून तापलेलें वाटतें. जोन्सनें हीं चित्रें लोकांपुढें मांडलीं नाहींत. त्याच्या वंशजांकडील संग्रह १९५४ सालीं विक्रीस निघाला, तेव्हां कोठें रसिकांस त्यांची खरी ओळख झाली.

त्याच सुमारास प्येर-आंरी द व्हालांसिएन हा फ्रेंच चित्रकार रोममध्यें हाच उद्योग करीत होता. त्यानें तेथील छपरें एकाच जागेवरून दोनदां रंगविलीं : एकदां उन्हांत, एकदां सावलींत. पुढें १८०० सालीं त्यानें यथार्थदर्शन व निसर्गचित्रण यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बाहेर बसून केलेला अभ्यास दोन तासांहून अधिक लांबवूं नये, आणि सूर्योदयाचा किंवा सूर्यास्ताचा असेल तर तो अर्ध्या तासांत आटोपावा, असा दंडक त्यांत घालून दिला आहे. याचें कारण उघड आहे. तेवढ्या वेळांत सावल्या सरकतात आणि मग एकाच चित्रांत दोन वेळा नांदूं लागतात. प्रकाशाच्या चंचलतेची एवढी सूक्ष्म जाणीव असलेला हा मनुष्य प्रदर्शनासाठीं मात्र प्राचीन कथांतील पात्रांनीं सजविलेलीं निसर्गचित्रेंच काढीत असे. ‘ऐतिहासिक निसर्गचित्रा’साठीं फ्रेंच कलापीठानें रोमचें पारितोषिक ठेविलें, तेंहि १८१७ सालीं प्रथम मिळालें तें त्याच्याच मिशालों नांवाच्या शिष्यास. बाहेरचीं चित्रें शिकण्यासाठीं, आंतलीं चित्रें दाखविण्यासाठीं, अशी ही वांटणी होती. व्हालांसिएनचीं तीं अभ्यासचित्रें १९३० सालीं लूव्रच्या संग्रहांत आलीं. तोंपर्यंत त्याचें नांव कलेच्या इतिहासांत एका बेतास बात पंडिताचें म्हणूनच राहिलें होतें.

इंग्लंडांत जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याच्याजवळ हीच वांटणी अधिक वेदनादायक रूपानें दिसते. १८२१ व १८२२ या दोन वर्षीं लंडनजवळच्या हॅम्पस्टेड टेकडीवर बसून त्यानें केवळ आकाशाचीं व ढगांचीं कित्येक लहान तैलचित्रें काढलीं. अनेकांच्या पाठीमागें त्यानें तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा टिपून ठेविली आहे. वेधशाळेंतील नोंदवहीस शोभेल अशी ही चिकाटी होती. परंतु त्याच १८२१ सालीं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत त्यानें जें मोठें चित्र मांडलें, ओढ्यांत उभ्या असलेल्या गवताच्या गाडीचें, तें सफोकमधील आपल्या गांवाकडच्या टिपणांवरून लंडनच्या चित्रशाळेंत रचलेलें होतें. सहा फुटी चित्रापूर्वीं तेवढ्याच आकाराचें एक कच्चें तैलचित्र तो करी आणि मग त्यांतील खरखरीतपणा उतरवून प्रदर्शनाचें चित्र सिद्ध करी. गवताच्या गाडीच्या चित्रास पॅरिस येथील १८२४ च्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें व फ्रेंच तरुण चित्रकार त्यांतील हिरवेपणा पाहून चकित झाले. ढगांचीं टिपणें मात्र घरींच राहिलीं. त्याच्या मुलीनें १८८८ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयास जो ठेवा दिला, त्यांतून तीं लोकांपुढें आलीं. आज तींच पाहून वाटतें कीं, कॉन्स्टेबलचा श्वास यांत अधिक जवळून ऐकूं येतो.

अभ्यास व कलाकृति यांमधील अंतर किती, हें एकाच ठिकाणीं मोजावयाचें असेल तर कामीय कोरो याच्या नार्नीच्या पुलाकडे पाहावें. १८२५ च्या अखेरीस कोरो इटलींत गेला. १८२६ सालीं नार्नी येथें नेरा नदीवरील ऑगस्टसच्या काळच्या भग्न पुलाचें त्यानें जागेवर बसून एक लहान तैलचित्र काढलें; तें आज लूव्रमध्यें आहे. त्यांतील पुढचा भाग म्हणजे मातीचा नुसता तपकिरी उतार. कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसतात, नदी पांढुरकी लखलखते आणि दूरचे डोंगर निळसर हवेंत विरून जातात. पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं त्यानें त्याच देखाव्याचें सुमारें दुप्पट लांबीरुंदीचें चित्र केलें. तें आज कॅनडांत ओटावा येथें आहे. त्यांत उताराच्या जागीं सपाट वाट आली, वाटेवर मेंढरें व गुराखी आले, छत्रीसारख्या माथ्याचीं पाइन झाडें आलीं. सर्व कांहीं यथास्थित झालें; फक्त ती सकाळ गेली. कोरोनें हें चित्र वाईट काढलें असें नाहीं. प्रदर्शनास जें हवें होतें तें त्यानें दिलें. परंतु दोन्ही चित्रें डोळ्यांपुढें ठेवलीं म्हणजे समजतें कीं, भर घालतां घालतांहि कांहीं वजा होत असतें.

आतां रंगांच्या नळ्यांविषयीं. पूर्वीं घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशवींत भरून तिचें तोंड बांधीत. रंग हवा असेल तेव्हां पिशवीस टोंचा मारावयाचा, आणि मग भोंक बुजवावयाचें. पिशवी फुटे, रंग सुके, कपडे खराब होत. लंडन येथें राहणाऱ्या जॉन गॉफ रँड नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें १८४१ सालीं चेपतां येणाऱ्या धातूच्या नळीचें पेटंट घेतलें, आणि कांहीं वर्षांतच कथिलाच्या नळ्या सर्वत्र झाल्या. नळ्यांतील रंगांवांचून आमचा पंथच निघाला नसता, अशा अर्थाचे उद्गार रन्वारच्या नांवावर सांगितले जातात. त्यांत आगगाडीचीहि भर घातली पाहिजे. पॅरिसपासून रुआँपर्यंत १८४३ सालीं, ल आव्र बंदरापर्यंत १८४७ सालीं आणि फोंतेनब्लोच्या अरण्यापर्यंत १८४९ सालीं लोहमार्ग झाला, तेव्हां सकाळीं निघून दुपारीं नदीकांठीं घोडी उभी करणें शक्य झालें. नळी व आगगाडी यांनीं बाहेर जाणें सोपें केलें, लांबविलें, रोजचें केलें. पण व्हालांसिएन, जोन्स, कॉन्स्टेबल हे सर्व नळीच्या आधींचे. साधन आलें म्हणून दृष्टि आली, असा हिशेब येथें जुळत नाहीं.

दृष्टि बदलली ती फोंतेनब्लोच्या अरण्याकांठच्या बार्बिझों या खेड्यांत. तेथें राहून झाडांचा व खडकांचा ध्यास घेणाऱ्या थिओडोर रूसो याचीं चित्रें १८३६ पासून पुढें वारंवार प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं नाकारलीं. शेवटीं कित्येक वर्षें त्यानें चित्र पाठविणेंच सोडून दिलें. त्याच्या चित्रांत वीर नाहीं, देवता नाहीं. ओकचें झाड हाच नायक. ज्याच्यापुढें महिनोन् महिने बसून पाहिलें, त्या वृक्षावर कुऱ्हाड पडतांना पाहणें या मंडळींस असह्य झालें. अरण्यांतील जुने भाग तोडूं नयेत म्हणून रूसोनें सरकारदरबारीं खटपट केली. चित्रकारांच्या अशा आग्रहाचा परिणाम होऊन १८६१ सालच्या हुकुमानें अरण्याचा सुमारें १,०९७ हेक्टर भाग केवळ त्याच्या सौंदर्यासाठीं राखून ठेवण्यांत आला. अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेपूर्वींची, अकरा वर्षें आधींची ही गोष्ट आहे. जें नुसतें ‘अभ्यासाचें साधन’ होतें, तें स्वतःच मोलाचें ठरलें, याचा याहून ठळक दाखला कोणता द्यावा ?

चित्राच्या बाबतींत मात्र जुनें माप सुटत नव्हतें. शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी यानें १८५७ सालीं एका होडीवर खोली बांधून तिची तरती चित्रशाळा केली आणि सेन व वाझ या नद्यांतून हिंडून तो पाण्याच्या पातळीवरून चित्रें काढूं लागला. १८६१ सालीं तेओफील गोतिए या नामांकित समीक्षकानें त्याच्यावर आक्षेप घेतला तो असा कीं, हा चित्रकार पहिल्या ठशावरच समाधान मानतो व तपशिलाकडे दुर्लक्ष करतो. त्याचीं चित्रें म्हणजे कच्चीं टिपणें होत. गोतिए हा अरसिक नव्हता. पूर्ण चित्र कशास म्हणावें याची त्याची व्याख्या निराळी होती, इतकेंच. पुढील सर्व भांडण याच एका शब्दाचें आहे : ‘पुरें’ म्हणजे काय ?

क्लोद मोने याला ल आव्र येथें वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास अझेन बूदां यानें हात धरून बाहेर नेलें. मोनेची पहिली आकांक्षा अशी होती कीं, प्रदर्शनांतील मोठ्या चित्राएवढें चित्रच बाहेर रंगवावें. १८६६ सालीं बागेंतील चार स्त्रियांचें सुमारें अडीच मीटर उंचीचें चित्र त्यानें उघड्यावर मांडलें. वरच्या भागापर्यंत हात पोंचावा म्हणून जमिनींत चर खणून कापड कप्पीनें त्यांत उतरविण्याची त्यानें व्यवस्था केली होती. ऊन गेलें म्हणजे काम थांबे. १८६७ सालीं परीक्षकांनीं तें चित्र नाकारलें. फ्रेदेरिक बाझीय या मित्रानें तें अडीच हजार फ्रँकांस, तेंहि हप्त्याहप्त्यानें पैसे देण्याच्या बोलीवर, विकत घेतलें, तेव्हां त्या हालाखींत थोडा आधार झाला.

दोन वर्षांनंतर, १८६९ च्या उन्हाळ्यांत, मोने व रन्वार सेन नदीवरील ला ग्रनुयेर नांवाच्या स्नानाच्या व नौकाविहाराच्या ठिकाणीं शेजारीं शेजारीं बसून रंगवीत होते. पाण्यावरची तिरीप, होड्या, माणसें, सर्व कांहीं तुटक व जाड फटकाऱ्यांनीं. हीं चित्रें आज न्यूयॉर्क, लंडन, स्टॉकहोम येथील संग्रहालयांचीं भूषणें आहेत. पण त्या सप्टेंबरांत मोनेनें बाझीयला जें पत्र लिहिलें त्यांतील भाव पाहण्यासारखा आहे. या ठिकाणाचें एक मोठें चित्र करण्याचें आपलें स्वप्न आहे, त्यासाठीं कांहीं वाईट टिपणें केलीं आहेत, असें तो लिहितो. म्हणजे जीं चित्रें पुढच्या पिढ्यांस नव्या कलेचा आरंभ वाटलीं, त्यांना खुद्द त्यांचा कर्ताहि तेव्हां टिपणेंच म्हणत होता. परीक्षकांच्या डोळ्यांवर जो पडदा होता तोच अद्याप त्याच्याहि डोळ्यांवर होता.

तो पडदा १८७४ सालीं दूर झाला. १५ एप्रिल रोजीं पॅरिसमध्यें नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या जागेंत या मंडळींनीं स्वतःचें प्रदर्शन उघडलें, आणि मोनेनें आपल्या एका चित्रास ‘ठसा’ अशा अर्थाचें नांव दिलें. गोतिएनें जो शब्द दोष म्हणून वापरला होता, तोच येथें नांव म्हणून भिंतीवर लागला. लुई लेरुआ या विनोदी लेखकानें त्यावरून सर्वांची खिल्ली उडविली व पंथास नांव मिळालें. या प्रदर्शनांत बर्थ मोरिझो हीहि होती. ती कोरोच्या हाताखालीं शिकलेली. पण तिच्या काळच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रीस एकटीनें घोडी घेऊन बाहेर भटकण्याची मुभा नव्हती. म्हणून तिचें उघडें जग बाग, सज्जा व समुद्रकांठ एवढ्यापुरतेंच राहिलें, आणि तेवढ्यांतून तिनें जें मिळविलें तें थोडें नाहीं. उलट याच मंडळींतील देगा बाहेर बसून रंगविणाऱ्यांची उघड थट्टा करी. त्याचा विश्वास स्मरणावर होता. तेव्हां पंथ एक असला तरी वाद घरांतहि होताच.

या कथेचा शेवट मात्र सरळ विजयाचा नाहीं. १८९० च्या शरदांत मोने जिव्हर्नी येथें गवताच्या गंजी रंगवीत असतां मित्रास लिहितो कीं, सूर्य इतक्या लवकर मावळतो कीं आपण त्याच्यामागून धांवूं शकत नाहीं. प्रत्येक प्रकाशासाठीं निराळा चित्रफलक घ्यावयाचा व प्रकाश बदलतांच फलक बदलावयाचा, ही युक्ति त्यानें तेथें पूर्णत्वास नेली; व्हालांसिएनचा दोन तासांचा दंडक येथें मिनिटांवर आला. १८९१ च्या मे महिन्यांत गंजींचीं पंधरा चित्रें एकत्र मांडलीं गेलीं. परंतु त्या चित्रांचा परस्परांशीं मेळ बसावा म्हणून त्यांवर शेवटचा हात फिरविला गेला तो घरीं. रुआँच्या देवळाचीं चित्रें १८९२ व १८९३ सालीं समोरच्या खिडक्यांतून आरंभिलीं गेलीं व जिव्हर्नींत पुरीं झालीं. लंडनच्या धुक्याचीं चित्रें १८९९ ते १९०१ या काळांत तेथें सुरू झालीं. त्यांपैकीं सदतीस १९०४ सालीं पॅरिसांत दाखविलीं, तींहि मधलीं वर्षें चित्रशाळेंत राहूनच. उघड्यावरच्या चित्रणाचा हा सर्वांत मोठा पुरस्कर्ता अखेर चार भिंतींत परतला. यावरून कोणी दांभिकपणाचा आरोप करील, तर तो उथळ होय. कोरो नार्नीहून परत आला तेव्हां त्यानें सकाळीवर नियम लादले. मोने परत आला तो ती सकाळ अधिक नेमकी आठवण्यासाठीं. जागा तीच, पण निष्ठा बदललेली होती.

या प्रवासाची एक वाट आपल्याकडेहि आली. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालीं निघालें, आणि जॉन ग्रिफिथ्ससारखे त्याचे शिक्षक ज्या साउथ केन्सिंग्टनच्या परंपरेंतून आले, तेथें वस्तु समोर ठेवून काढण्याच्या शिस्तीस मोठें स्थान होतें. या विद्यालयांत शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) यांनीं शाहू छत्रपतींच्या आश्रयानें रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर हाच आपल्या चित्रांचा विषय केला. राजधानींत नांव मिळविण्याऐवजीं एकाच गांवच्या पाण्याकडे व झाडांकडे आयुष्यभर पाहत बसलेल्या या कलावंताकडे पाहिलें म्हणजे बार्बिझोंची आठवण होते. आबालालांनंतर महाराष्ट्रांत निसर्गचित्रणाची, विशेषतः जलरंगांतील निसर्गचित्रणाची, जी परंपरा वाढली, तिनें ‘टिपण कीं चित्र’ हा युरोपीय वाद फारसा घातला नाहीं. जलरंगाचा स्वभावच असा कीं, तो एका बैठकींत जें साधेल तें साधूं देतो. आमच्या उन्हांत तर कागद पाहतां पाहतां सुकतो व पुन्हां पुन्हां दुरुस्तीस वाव ठेवीत नाहीं. ज्या गोष्टीसाठीं तैलरंगास शंभर वर्षें झगडावें लागलें, ती जलरंगानें मुकाट्यानें पदरांत टाकली.

आज उलट बाजूचा हट्ट दिसतो. उघड्यावर बसून काढलेलें तेवढें खरें, छायाचित्रावरून किंवा स्मरणानें केलेलें खोटें, असा एक सोंवळेपणा कांहीं ठिकाणीं रूढ झाला आहे. वरील इतिहास त्यास आधार देत नाहीं. माळावर बसूनहि चित्रकार पाठ केलेलेंच झाड काढूं शकतो, आणि चित्रशाळेंत बसून मोनेला लंडनचें धुकें सांपडूं शकतें. उघड्यावरच्या चित्रणानें कलेस जें दिलें तें जागेपुरतें नाहीं. अमुक दिवशीं, अमुक वेळीं, वारा अमुक दिशेचा असतां, एका मनुष्यानें जें पाहिलें तें एकवारचें असूनहि जपून ठेवण्याच्या योग्यतेचें आहे, ही मान्यता त्यानें मिळवून दिली. कॉन्स्टेबलनें ती कागदाच्या पाठीमागें लिहून ठेविली आणि जोन्सनें घरीं बंद करून ठेविली. त्यांच्या मागून आलेल्यांनीं ती भिंतीवर टांगली, एवढाच काय तो फरक.